गाठींचे मुरुम, लग्नाची बोलणी आणि गोळीची भीती

प्रश्न थोडक्यात असा आहे: बहीण 20 वर्षांची, बी.ए.ला शिकते, गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात. तीनेक वर्षांपासून गालांवर, जबड्याच्या कडेला आणि पाठीवर मोठ्या दुखऱ्या गाठी येतात, पू होतो, आता खड्डे पडायला लागलेत. मेडिकलवरून आणलेल्या ट्यूबने आधी आठ दिवसांत चेहरा साफ झाला, ट्यूब बंद केल्यावर दुप्पट उठलं. नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या लिहून दिल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्या गोळीने पुढे मूल होत नाही. लग्नाची बोलणी सुरू आहेत म्हणून आई गोळी घेऊ देत नाही. भाऊ विचारतो, काय करावं?

आधी काकूंचं. त्या गोळीने पुढे मूल होत नाही, हे खोटं आहे. पण काकूंनी ते मनाने रचलेलं नाही, एका खऱ्या गोष्टीचा गावात फिरता फिरता झालेला तो विपर्यास आहे. खरी गोष्ट अशी की ही गोळी चालू असताना दिवस गेले तर बाळाच्या कानात, चेहऱ्यात, मेंदूत, हृदयात गंभीर व्यंग येण्याचा धोका फार मोठा असतो, गर्भपातही होऊ शकतो. गोळी थांबली, शरीरातून निघून गेली, की हा धोकाही जातो. गर्भाशयाला, बीजांडांना, पुढच्या बाळंतपणांना ती धक्का लावत नाही. त्यामुळे तुमच्या घरात सोडवायचा प्रश्न तारखांचा आहे: गोळी कधी संपते आणि लग्न कधी लागतं. आईला हे एवढंच नीट समजावलं तरी निम्मं काम होईल. तारखांचा हिशेब पुढे मांडतो, त्याआधी हा आजार काय आहे ते सांगायला हवं. नाहीतर "मुरुमांसाठी एवढी जड गोळी कशाला" हा प्रश्न घरात पुन्हा पुन्हा येत राहील.

साध्या मुरुमात आणि तुमच्या बहिणीला होतंय त्यात खोलीचा फरक आहे. केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलींच्यातही ती असतात, आणि ग्रंथी जास्त तेल सोडते. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी कातडीच्या मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं. आत तेल साचतं, तिथे कायम वस्तीला असणारे जिवाणू वाढतात, शरीर त्यांच्याशी झगडायला लागतं आणि सूज येते. बऱ्याच जणांत हे इथेच थांबतं: पुटकुळी येते, पिकते, जाते. काहींच्यात मात्र छिद्राची भिंत आतल्या आत फुटते आणि सगळा माल कातडीच्या खालच्या थरात पसरतो. तिथे पाच मिलिमीटरहून मोठी, कठीण, हात लावला तरी ठणकणारी गाठ होते. शेजारच्या गाठी एकमेकींना मिळतात, आत पू साचून मऊ पिशवीसारखं लागतं. ही सूज कातडीचा खालचा आधारच खाते. तो परत पहिल्यासारखा भरत नाही, म्हणून खड्डा राहतो.

चेहरा दिवसात सहा वेळा धुतल्याने किंवा नुसतं मलम लावल्याने या गाठी का जात नाहीत, हे कापूस पिकवणाऱ्या घराला वेगळं सांगायला नको. गुलाबी अळी बोंडात शिरल्यावर वरून कितीही फवारा मारा, ती आत सुखरूप असते. इथेही औषध आतून पोहोचावं लागतं.

"गरमी बाहेर पडते आहे", "रक्त खराब झालंय", "लग्न झालं की आपोआप जातात" ही तीन वाक्यं मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकली आहेत की त्यांचा राग येणं आता बंद झालं आहे. साधे मुरुम वय वाढलं की बऱ्याचदा जातात, म्हणून तिसरं वाक्य टिकून आहे. गाठींचे मुरुमही कधीतरी थांबतात. पण थांबेपर्यंत चेहऱ्यावर जे करून जातात ते राहतं. तुम्ही खड्डे पडताहेत असं लिहिलंत. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे, आणि "अजून एक-दोन महिने थांबून पाहू" म्हणायची मुभा तिथेच संपते. तिचा काही दोष नाही, हेही तिला घरच्यांनी स्पष्ट सांगा. अस्वच्छतेने हे होत नाही. आई-वडिलांपैकी कुणाला तरुणपणी असे मुरुम असतील तर मुलांना होण्याची शक्यता वाढते, एवढं आनुवंशिक त्यात असतंच.

आता ट्यूब. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमच्या भागात गोळीपेक्षा कितीतरी अधिक नुकसान या ट्यूबने केलं आहे, आणि तिला मात्र कुणी घाबरत नाही.

घरात जुनं खोकं असेल तर शोधा आणि बारीक अक्षरांत लिहिलेली औषधांची नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. बहुतेक वेळा त्याच्या जोडीला बुरशीचं एक आणि जिवाणूंचं एक औषध घातलेलं असतं. म्हणून गजकर्ण, खाज, मुरुम, काळे डाग, गोरं होणं, सगळ्यांना तीच ट्यूब दिली जाते. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये मोमेटासोनसोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून चार-आठ दिवस चेहरा खरंच सुंदर दिसतो. त्यानंतर कातडी पातळ होते, तांबड्या बारीक शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते, मुलींच्या गालावर लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नवे, एकसारख्या दिसणाऱ्या फोडांचे मुरुम उठतात. थांबवलं की दबलेलं सगळं एकदम वर येतं. मग माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणतो. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. पण बाजाराच्या दिवशी दुकानाच्या काउंटरवर काय चालतं ते तुम्ही-आम्ही बघतोच.

तुमच्या बहिणीची ट्यूब बंद आहे, चांगलं आहे. बंद केल्यावरचे पहिले काही आठवडे चेहरा लाल होतो, जळजळतो, फोड वाढतात. त्या काळात कुणी "मागची ट्यूब चांगली होती" म्हणालं तरी तिकडे परत जाऊ नका. आणि नागपूरच्या डॉक्टरांना हे सांगितलं नसेल तर नक्की सांगा. लाज वाटायचं कारण नाही, आमच्याकडे येणारे निम्मेशिम्मे लोक काहीतरी लावूनच येतात. मात्र ते लपवलं तर तिच्या चेहऱ्यावर दिसतंय त्यातलं मूळ आजाराचं किती आणि ट्यूबचं किती, हे डॉक्टरांना कळत नाही. टूथपेस्ट, लिंबू-सोडा, चुन्याचे प्रयोग या सगळ्यांनाही हेच लागू. मुलतानी माती किंवा बेसनाने एवढं बिघडत नाही, पण घासून घासून लावली तर सुजलेल्या गाठीला त्रासच.

आणि गाठ फोडायची नाही. सुईने नाही, नखाने नाही, गावात कुणी ब्लेडने "मोकळं करून देतो" म्हणत असेल तर त्याच्याकडे तर मुळीच नाही. दाबल्यावर बाहेर येतं त्याच्या दुप्पट आत ढकललं जातं.

आता गोळीकडे. आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध आहे. अमेरिकेत 1982 मध्ये ते नेमकं याच आजारासाठी, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या गाठींच्या मुरुमांसाठी, मंजूर झालं. मुरुमांवरचं बाकीचं प्रत्येक औषध आजाराच्या एका-दोन कारणांवर काम करतं. हे एकच औषध तेल कमी करतं, बूच बसू देत नाही, त्यामुळे जिवाणूंचं खाद्य आटतं आणि सूजही उतरते. पूर्ण कोर्स झाल्यावर बऱ्याच जणांना पुन्हा औषध लागत नाही. काहींना काही वर्षांनी थोडं परत येतं, क्वचित दुसरा कोर्स द्यावा लागतो. सुरुवातीच्या पहिल्या महिन्यात मुरुम वाढल्यासारखे वाटू शकतात. हे आधी माहीत नसलं की लोक तिसऱ्या आठवड्यात गोळ्या फेकून देतात.

हिशेब असा करतात: वजनाच्या दर किलोला रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि सगळा कोर्स मिळून दर किलोला साधारण 120 ते 150 मिलिग्रॅम. बहीण 50 किलोची धरली तर एकूण 6000 ते 7500 मिलिग्रॅम होतात. रोज 20 मिलिग्रॅमने गेलं तर दहा महिने ते वर्षभर लागतं. सोसलं आणि डॉक्टरांनी 40 पर्यंत नेलं तर पाच-सहा महिन्यांत होतं. डोस हळूहळू वाढवतात, त्यामुळे प्रत्यक्षात यांच्या मधेच कुठेतरी बसतं. वर गोळी बंद झाल्यापासून किमान एक महिना मोकळा. मी स्वतः लग्न ठरलेल्या मुलींना त्याहून जास्त अंतर ठेवायला सांगतो, कारण आपल्याकडे पत्रिका छापल्यावर तारखा मागे-पुढे होतच असतात.

म्हणजे तुमची बोलणी तुळशीच्या लग्नानंतर पक्की झाली आणि मुलाकडचे मार्च-एप्रिलची तारीख मागत असतील, तर आज गोळी सुरू करून ती वेळेत संपवणं जमणार नाही. असं असेल तेव्हा दोन वाटा राहतात. एक, लग्न होईपर्यंत दुसरे उपचार करून गोळी नंतरसाठी ठेवायची. ही वाट मला फारशी आवडत नाही. लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला पाहिजे अशी घरच्यांची अपेक्षा असते, मग बाळंतपण, मग अंगावर पाजणं. गोळी घ्यायला मोकळा काळ तिला पाच वर्षं मिळत नाही आणि तोवर चेहऱ्याचं व्हायचं ते झालेलं असतं. दुसरी वाट, साक्षगंध उरकून घ्या आणि लग्न पुढच्या हंगामावर न्या. पोरीची परीक्षा आहे, पदवी पूर्ण होऊ द्या, असं म्हणायला तुमच्याकडे खरं कारणही आहे. 20 व्या वर्षी एक हंगाम पुढे गेल्याने काही बिघडत नाही. लग्न करून, गर्भनिरोधन करत गोळी चालू ठेवणं शास्त्राप्रमाणे चालतं, त्यासाठी दोन साधनं एकत्र वापरायला सांगतात. पण नव्या सासरी, नव्या नवऱ्यासमोर विशीतल्या मुलीला ते किती जमेल हे मी बघितलेलं आहे, म्हणून मी ती जोखीम घेत नाही.

मुलाकडच्यांना सांगायचं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण आई विचारेल. ठरवू द्या तुमच्या बहिणीला. मुरुमांची गोळी चालू आहे यात लपवण्यासारखं काही नाही.

इथे भाऊ म्हणून तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ही गोळी देताना मुलगी विवाहित असो की नसो, सुरू करण्याआधी गर्भचाचणी करायची आणि पुढे दर महिन्याला करायची, अशी पद्धत आहे. अविवाहित मुलीच्या घरच्यांना हे ऐकून राग येतो. "आमच्या पोरीवर संशय घेऊन राह्यले का?" असं मला तोंडावर विचारलेलं आहे. मी सांगतो की ही तपासणी औषधाची आहे, मुलीची नाही, आणि कलेक्टरची मुलगी आली तरी मी तीच करतो. त्यानंतर मी सोबत आलेल्या सगळ्यांना दोन मिनिटं बाहेर बसवतो आणि नर्सबाईंच्या समोर मुलीशी एकटीशी बोलतो. पाळी, औषधं, मनात काय चाललंय, कॉलेजात कुणी काय बोलतं का, यातलं बरंचसं मोठ्या भावासमोर निघत नाही. नागपूरला तुम्ही सोबत जात असाल तर डॉक्टरांनी सांगायची वाट न बघता स्वतःच उठून बाहेर जा.

मनाचं म्हणाल तर दोन्ही बाजूंनी लक्ष ठेवायचं. गाठींच्या मुरुमांनी मुली आरसा टाळतात, लग्नकार्याला जात नाहीत, फोटोत मागे उभ्या राहतात. उपचाराने चेहरा सुधारला की बहुतेक जणी खुलतात. पण या गोळीवर असताना काही थोड्यांना उदासी येते. म्हणून झोप उडाली, जेवण तुटलं, विनाकारण रडू येतंय, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता गोळी थांबवून डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा.

आता रोजचं. गोळी भरल्या पोटी घ्यायची, जेवणात थोडं तेल-तूप हवं. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही, अर्धं औषध वाया जातं. उपवासाच्या दिवशीही काही खाऊनच. ओठ सुकणारच. ज्याचे ओठ सुकले नाहीत त्याने गोळ्या नीट घेतल्या नाहीत असं आम्ही थट्टेने म्हणतो. व्हॅसलीन किंवा साधं तूप दिवसातून पाच-सहा वेळा लावायचं, ओठ चाटायचे नाहीत. आपल्याकडचा एप्रिल-मे तर विचारायलाच नको. पारा 45 च्या पुढे, हवा कोरडी, नाकातून रक्त येतं, डोळे चुरचुरतात. नाकाच्या कडेला आतून बोटाने थोडं व्हॅसलीन, डोळ्यांत डॉक्टरांनी दिलेले थेंब, आणि अकरा ते चार शक्यतो ऊन टाळायचं. शक्य असेल तर मी कोर्स पावसाळ्यात सुरू करतो, म्हणजे उन्हाळा येईपर्यंत शरीर सरावलेलं असतं किंवा कोर्सच संपत आलेला असतो. कातडी नाजूक होते, म्हणून गोळी चालू असताना आणि नंतरचे सहा महिने पार्लरमध्ये वॅक्सिंग नाही, ब्लीच आणि घासून करायचं फेशियल नाही. घरातल्या दुसऱ्या लग्नात हिला हळद लावताना चेहऱ्यावर रगडू नका, हाताला लावा.

सुरू करण्याआधी आणि नंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातली चरबी आणि यकृताची तपासणी करतात. अ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. डॉक्सीसायक्लिन हे जिवाणूंवरचं औषध (अँटिबायोटिक) किंवा त्या कुळातलं दुसरं औषध सोबत चालत नाही. दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो: जोराचं डोकं दुखणं, उलटी, अंधुक दिसणं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावातल्या डॉक्टरांकडे सर्दी-तापासाठी गेल्यावर ते कोणत्या गोळ्या देतात ते आपण विचारत नाही. कुठेही गेलात तरी पाकीट दाखवा. रक्तदान बंद, शेवटच्या गोळीनंतरही एक महिना. तुमच्या भागात 14 एप्रिलला, शिवजयंतीला शिबिरं होतात, मैत्रिणी ओढत नेतात. हे रक्त एखाद्या गरोदर बाईला चढलं तर काय होईल याचा विचार करा. आणि होस्टेलवरच्या मैत्रिणीला "तूही दोन घेऊन बघ" म्हणून गोळी द्यायची नाही. त्याचं कारण सांगायला नकोच.

गोळी लगेच सुरू करता येत नसेल तर मधल्या काळात हातावर हात धरून बसायचं नाही. डॉक्सीसायक्लिन तीनेक महिने देतात, सोबत लावायची दोन मलमं: सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रात्री हरभऱ्याएवढं अॅडापालीन, संपूर्ण चेहऱ्यावर, फक्त फोडावर नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड नसेल तर जिवाणू डॉक्सीसायक्लिनला सरावतात, म्हणून ही जोडी तोडायची नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइडने ओढणीला आणि उशीच्या अभ्र्याला पांढरे डाग पडतात, जुने कपडे वापरा. डॉक्सीसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. या औषधावर ऊन फार लागतं. कापूस वेचायला, निंदणाला जाणाऱ्या मुलींना मी चेहरा झाकून जायला सांगतो, पण सुती, सैल आणि रोज धुतलेल्या दुपट्ट्याने. घामाने ओला झालेला नायलॉनचा स्कार्फ तासन्तास घट्ट बांधला की जबड्यावरच्या गाठी वाढतात. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. "साहेब, पंधरा दिवस लावूनच राह्यली, काही फरक नाही पडून राह्यला" हे मला रोज ऐकायला मिळतं. पंधरा दिवसांत फरक पाडणारी ट्यूब कोणती असते ते वर सांगितलंच आहे.

एखादीच मोठी गाठ असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात ट्रायमसिनोलोनचं अगदी थोडं इंजेक्शन देतात. दोन-तीन दिवसांत ती बसते. हेही स्टेरॉइडच आहे, पण पातळ करून, नेमक्या जागी, एकदा दिलेलं. औषध जास्त झालं तर तिथे खळगा पडू शकतो, तो बहुधा काही महिन्यांत भरतो. कमरेत "मुरुमांची सुई" देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका.

जबड्याच्या कडेला गाठी आहेत म्हणून पाळीचं विचारतो. दीड-दोन महिन्यांनी येते का? हनुवटीवर राठ केस आहेत का? वजन वाढलंय का? असं असेल तर सोनोग्राफी आणि संप्रेरकांची तपासणी करून बीजांडकोशाचा पीसीओएस हा आजार आहे का ते बघावं लागतं. मग अँड्रोजनांचा परिणाम दाबणारं स्पायरोनोलॅक्टोन किंवा पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात. गरोदरपणात स्पायरोनोलॅक्टोनही चालत नाही.

खाण्याबद्दल लोकांना माझ्याकडून लांब यादी हवी असते, माझ्याकडे ती नाही. साखर, मैद्याचे गोड पदार्थ, कोल्ड्रिंक कमी केल्याने काहींना फायदा होतो. काहींच्यात दुधाचाही संबंध दिसतो. तिखट आणि सावजी मटणाचा संबंध सिद्ध झालेला नाही. डोक्याला चोपडलेलं खोबरेल मात्र कपाळावर ओघळतं आणि तिथे मुरुम वाढवतं. तेल लावायचंच असेल तर न्हायच्या आधी तासभर.

मुलांसाठी थोडं वेगळं, कारण हे वाचणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारे असणार. पाठीवर आणि छातीवर अचानक गाठी उठल्या तर जिममध्ये कुणी दिलेली पावडर, गोळ्या, इंजेक्शनं प्रामाणिकपणे सांगा. व्हे प्रोटीनने मुरुम वाढलेले दिसतात. शरीर बनवण्याच्या अॅनाबॉलिक स्टेरॉइडने तर चेहरा-पाठ उद्ध्वस्त होते, आणि ते घेणं चालू असताना आमची औषधं फारशी चालत नाहीत. आयसोट्रेटिनॉइनवर असलेल्या काहींना रात्री कमी दिसतं. वीज रात्रीची असते म्हणून ओलिताला शेतात जाणाऱ्यांनी आणि अंधारात मोटरसायकल चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुरुषांनी ही गोळी घेतल्याने होणाऱ्या बाळाला व्यंग येत नाही, त्यांना लग्नाची तारीख बघावी लागत नाही.

आणखी एक, प्रामुख्याने वयात येणाऱ्या मुलांत, क्वचित दिसणारं पण वेळ न दवडण्यासारखं: गाठी एकाएकी फुटून रक्ताळलेल्या जखमा, ताप, सांधे इतके दुखतात की चालता येत नाही. याला लगेच मोठं रुग्णालय गाठायचं. यात आधी पोटातून स्टेरॉइड देऊन आग शमवतात आणि मग आयसोट्रेटिनॉइन अगदी थोड्या डोसने सुरू करतात. सुरुवातीलाच मोठा डोस दिला तर हा प्रकार उलट भडकू शकतो. काखेत, जांघेत पुन्हा पुन्हा गाठी होऊन वाहत असतील तर तो मुरुमांचा जवळचा पण वेगळा आजार आहे, तो वेगळा दाखवा.

खड्ड्यांचं आता काही करू नका. काळे-तपकिरी डाग आणि खड्डे वेगळे. आपल्या सावळ्या कातडीवर गाठ बसली की डाग राहतोच, तो काही महिन्यांत, उन्हापासून जपलं तर लवकर, फिका पडतो. खड्डा फिका पडत नाही. त्यासाठी सुयांचं मायक्रोनीडलिंग, खालचे तंतू सोडवणं, ठिपक्यापुरतं आम्ल लावणं, लेझर असे उपाय आहेत. ते खड्डे कमी करतात, पुसून टाकत नाहीत. नव्या गाठी येणं थांबल्यावरच त्यांवर पैसे घालावेत. छाती-खांद्यावर उंच, खाजणारे वळ उठत असतील तर ते आधीच सांगा, त्यांना सुया-लेझर सोसत नाही.

दर महिन्याला नागपूरला जाणं, एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं, यानेच निम्मे कोर्स अर्धवट राहतात. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोग विभाग आहेत, तुम्हाला ते जवळ पडतील. नागपूरच्याच डॉक्टरांकडे राहायचं असेल तर रक्ताची आणि गर्भाची तपासणी तालुक्यात करून रिपोर्ट फोनवर पाठवला तर चालेल का, एक महिन्याआड आलं तर चालेल का, हे त्यांना सरळ विचारा. बरेच डॉक्टर हो म्हणतात. पुढच्या खेपेला जाताना जुन्या ट्यूबचं खोकं, गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा आणि लग्नाचा ठरत असलेला महिना, हे सोबत न्या. तिसरी गोष्ट डॉक्टर विचारतीलच असं नाही. तुम्ही आपणहून सांगा, डोस त्यावरच ठरेल.